बुडालेल्या कंपनीचे कान

जळगावच्या स्टेशनसमोर एक लॉज होतं. खाली चहाचं हॉटेल, वर काही खोल्या, आणि जिन्यात कायम फिनेलचा वास. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथल्या एका खोलीत मुंबईहून कानाच्या मशीनचे साहेब येत. आदल्या दिवशी पेपरात घडी घातलेलं हँडबिल यायचं, त्यावर मोठ्या अक्षरात 'बहिरेपणाला रामराम' असं छापलेलं. साहेब टाय लावायचे. मे महिन्यात जळगावात टाय लावणारा माणूस एक तर वेडा असतो नाहीतर काहीतरी विकत असतो, पण आमच्या नानांना तो टाय फार आवडला.

नाना म्हणजे माझे वडील. ते जिनिंग फॅक्टरीत फोरमन होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या रांगेत अख्खी नोकरी उभ्याने काढली आणि त्या आवाजात त्यांचे दोन्ही कान गेले. माणसाला ऐकू येईनासं झालं की घरातलं त्याचं वजन कसं उतरत जातं, ते मी लहानपणापासून पाहत आले. लोक आधी तीच गोष्ट दोनदा सांगतात, मग ओरडून सांगतात, आणि मग कंटाळून दुसऱ्याच कोणाला तरी सांगतात. आमच्याकडे तो दुसरा म्हणजे शेजारच्या घरात राहणारे माझे मोठे काका. नाना ओट्यावर बसलेले असत आणि आलेला पाहुणा त्यांच्यावरून नजर नेऊन काकांच्या दाराकडे जाई. काकांना त्यात फार सुख होतं. 'त्याला काय विचारता, मला विचारा,' हे वाक्य ते इतकं गोड आवाजात म्हणत की मला त्यांच्या तोंडावर तांब्या फेकावासा वाटे.

म्हणून नानांनी रिटायर झाल्यावर पहिलं काम केलं ते त्या लॉजमध्ये जाऊन मशीन घेण्याचं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी शर्टाच्या खिशात, तिच्यातून निघालेली वायर गळ्याजवळून कानापर्यंत, आणि कानात गुलाबी रंगाचं बटण. डबीत साधे पेन्सिल सेल चालत. ते कुठल्याही किराणा दुकानात मिळायचे.

मशीन आलं आणि नाना पुन्हा माणसांत आले. लोकांना कळलं की आवाज खिशातून आत जातो, तेव्हा लोक नानांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या खिशाकडे वाकून बोलू लागले. मोठमोठे पागोटेवाले म्हातारे आमच्या ओट्यावर येऊन नानांच्या छातीशी काहीतरी पुटपुटायचे आणि नाना वर आकाशाकडे बघत उत्तर द्यायचे. मला हसू यायचं, पण काकांच्या ओट्यावर चिटपाखरू नसे, त्यामुळे मी ते हसू गिळायची.

मशीनमध्ये एकच खोट होती. वायर फार नाजूक होती आणि डबीत जाणारं तिचं टोक काही वेगळ्याच आकाराचं, तीन काट्यांचं होतं. तशी वायर ती एक कंपनीच बनवायची. घामाने आणि वाकण्याने ती चार-सहा महिन्यांत आतून तुटे. मग रविवारी लॉजमध्ये जायचं, साहेब हसत नवी वायर द्यायचे आणि वर सांगायचे की कंपनी तुमच्या पाठीशी आहे.

एका रविवारी साहेब आले नाहीत. मी नानांबरोबर होते. खोलीला कुलूप, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या बाकड्यांवर आणि खाली जमिनीवर बसलेल्या. कोणी भुसावळहून आलं होतं, कोणी पारोळ्याहून, एक बाई थेट दोंडाईच्याहून. मॅनेजर वर आला आणि म्हणाला की साहेब आता येणार नाहीत. ज्यांची मशीन चालू होती त्यांनी ऐकलं. बाकीचे त्या ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसले. मॅनेजरने ओरडून सांगितलं, मग हात हलवून सांगितलं, मग वैतागून खाली निघून गेला. तरी कोणी उठलं नाही. पुढच्या महिन्यात सगळे परत आले, त्याच्या पुढच्याही. घरी म्हातारे काय सांगत असतील कोण जाणे, पण पॅसेजमध्ये बसून ते एकमेकांशी इतक्या मोठ्याने बोलत की खालचा चहावाला वर येऊन शिव्या देई. त्या शिव्या त्यांच्यापैकी निम्म्यांना ऐकू येत नसत.

काय झालं ते आम्हाला भुसावळ स्टेशनवर कळलं. आम्ही एका लग्नाहून परतत होतो आणि प्लॅटफॉर्मवर ते साहेब दिसले, टाय नसलेले, हातात कसल्याशा औषधाच्या नमुन्यांची बॅग. नानांनी त्यांना ओळखलं, गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढे गेले आणि खिशातून तुटलेली वायर काढून समोर धरली. साहेब बराच वेळ बोलले. कंपनीचं दिवाळं निघालं, बँकेने कारखान्याला सील ठोकलं, माझाही पगार बुडाला, आता वायर कुठेही मिळणार नाही, मला माफ करा. नाना हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत राहिले. गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, काय म्हणत होता तो. मला डबाभर लोकांसमोर ओरडून सांगावं लागलं की कंपनी मेली. सगळा डबा आमच्याकडे वळला. कोणीतरी विचारलंसुद्धा, कोण वारलं.

त्यानंतर जे चाललं त्याला काय म्हणावं. रेडिओवाल्याकडे नानांनी खेटे घातले. तो भला माणूस होता, पण ती वायर केसासारखी, सोल्डरचा डाग लावला की जळायची. शेवटी त्याने डबी नानांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "डबी बठ्ठी चांगली शे नाना. वायर नही, त्याले मी काय करू?" मग त्या लॉजवाल्या मंडळींनी आपापसांत व्यवहार सुरू केले. कोणाची डबी गेलेली असे, कोणाची वायर. एका कुटुंबातल्या दोन भावांत एक वायर होती, ती एकाने सकाळी आणि दुसऱ्याने संध्याकाळी वापरायची असं ठरलं होतं, आणि त्यावरून ते मरेपर्यंत बोलले नाहीत.

सगळ्यात वाईट होतं ते दारावर जाणं. आमच्याकडे कोणी वारलं की भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. बाहेर सतरंजी टाकलेली असते, आलेले लोक तिथे गप्प बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. पारोळ्याचे एक रिटायर्ड तलाठी वारले, त्यांच्याकडे तेच मशीन होतं. बातमी कळल्यावर नानांनी मला घेऊन पहिली एसटी पकडली. तिथे सतरंजीवर लॉजमधले चार चेहरे आधीच येऊन बसले होते, प्रत्येकाच्या कानात ते गुलाबी बटण. ते एकमेकांकडे असे बघत होते की मला तिथून पळून जावंसं वाटलं. कोणी विषय काढायचा, हाच सगळ्यांपुढे प्रश्न. शेवटी भुसावळचे एक रेल्वेवाले खाकरले आणि त्यांनी मुलाला विचारलं, वडिलांचं मशीन कुठे आहे. मुलगा हुंदका देऊन म्हणाला, ते त्यांच्याबरोबरच ठेवलं, त्यांच्या छातीवर, वायर कानात घालून. त्यांना फार आवडायचं ते.

मी ते खुणेने सांगितलं आणि नाना त्या दिवशी ढसाढसा रडले. घरातल्या बायका त्यांना पाणी द्यायला धावल्या, म्हणाल्या, केवढा जीव होता यांचा आमच्या आबांवर.

दुसऱ्या कंपनीचं मशीन घ्यावं असं माय एक-दोनदा म्हणाली. नाना ऐकेनात. आधी पोरीचं लग्न, मग कान, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण काकांच्या ओट्यावर होतं. नवं मशीन घ्यायचं म्हणजे जुनं मेलं हे कबूल करायचं, आणि ते कबूल केलं की नवं येईपर्यंत काका पुढे येणार. म्हणून नानांनी एक सोपा मार्ग काढला. मेलेली वायर चांगल्या डबीत खोचून ते बटण कानात घालून बसू लागले. लोक खिशाकडे वाकून बोलत आणि नाना आकाशाकडे बघत मान डोलवत. गंमत अशी की कोणाच्या लक्षात आलं नाही. ऐकणाऱ्या माणसालाही लोक फारसं विचारत नाहीत, नुसतं सांगत असतात.

गल्लीत हे फक्त मायला आणि मला माहीत होतं.

माझ्यासाठी धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात क्लार्क, वडील शिक्षक, हयातभर कोणाशी खोटं न बोललेला माणूस म्हणून त्यांची ख्याती. मला मुलगा आवडला होता. बैठक आमच्याच घरी ठरली. आता बैठकीत मुलीकडून बोलणार कोण, हा प्रश्न आला, आणि काकांनी तर नवं धोतर काढून ठेवलं होतं. नानांनी सांगितलं, माझी पोर आहे, मीच बोलणार. माय आणि नाना यांनी मग खुणा ठरवल्या. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणार; तिने डोक्यावरचा पदर सारखा केला की हो म्हणायचं, कमरेला खोचला की नाही म्हणायचं. बैठक फक्कड झाली. नाना योग्य जागी हसले, योग्य जागी अडले, दोनदा तर पाहुण्यांना त्यांनी असं काही गंभीरपणे थांबवलं की सगळे वचकले. काका कोपऱ्यात पान चावत बसले होते.

आमच्याकडे बैठकीत चारचौघांसमोर फक्त चांगलं बोलतात. मुलाकडचं काही उणं असेल तर ते मुलीच्या बापाला, एकट्याला, बाजूला घेऊन सांगायचं असतं. बापाला पटलं तर त्याने ते घरापुरतं ठेवून पुढे जायचं, नाही पटलं तर चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचं. कारण कोणी विचारत नाही. चाल वाईट नाही. दोन्ही घरांची अब्रू राहते. सगळं ठरत आलं तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी नानांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. तिथे माय दिसत नव्हती.

मी खिडकीतून बघत होते. सासऱ्यांनी टोपी काढली, नानांच्या खिशाकडे वाकले आणि हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिले. मध्येच त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. नानांनी ते पाहिलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन वेळा मान हलवली. सासरे त्यांच्या पायाशी वाकायला लागले, तर नानांनी त्यांना धरून उभं केलं. मला ते बघून भरून आलं; नानांना ऐकू येत नाही, हे त्या घटकेला माझ्या डोक्यातच आलं नाही. एका बापाने दुसऱ्या बापाशी इतकं चांगलं वागावं, आणि ते माझ्यासाठी, असं वाटून मी खिडकीत उभी राहून रडले. पाहुणे गेल्यावर मायने विचारलं, काय बोलले ते. नानांनी बेधडक सांगितलं, "पोरले सांभाळसू म्हने." दुसरं काय म्हणणार मुलाचा बाप, असा त्यांचा हिशेब असावा.

लग्न झालं, मी धुळ्याला आले. सासरे वर्षभरात वारले. त्या वर्षात त्यांनी मला कधी उंच आवाजात हाक मारली नाही, आणि माझ्या वडिलांचा विषय निघाला की ते त्यांना देवमाणूस म्हणायचे. मला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

मूल होईना. सासूने पहिली दोन वर्षं वाट पाहिली आणि मग तिची जीभ सुटली. शेजारणी बाळं घेऊन आल्या की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. कोणाच्या ओटीभरणाला मला नेत नसत. बारशाच्या घरून आलेले घुगऱ्यांचे दाणे ती माझ्यादेखत सगळ्यांना वाटायची आणि मला वगळायची. उपास झाले, नवस झाले, गंडे झाले. एका डॉक्टरीणबाईने मला तपासून सांगितलं, तुझ्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन ये. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सध्या रजा नाही. मी पुन्हा सांगितलं, तेव्हाही रजा नव्हती. नवरा तसा मऊ होता, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. सासू बोलायला लागली की तो फक्त चपला घालून बाहेर जायचा.

कोणीतरी सासूला दोंडाईच्याच्या एका वैदूचं नाव सांगितलं. तिने आम्हा दोघांना पाठवलं. वैदूने काळपट पूड दिली, ती अमावस्येला कशी घ्यायची ते सांगितलं, आणि आम्ही गाडीची वाट बघत स्टेशनच्या बाकावर बसलो. मिरचीचा हंगाम होता. गावभर मिरच्या वाळत पडलेल्या, हवेत तिखट ठसका, आणि प्लॅटफॉर्मवरचं प्रत्येक माणूस डोळे पुसत होतं. नवऱ्याने ती पुडी माझ्या हातातून घेतली आणि रुळांवर टाकून दिली.

मग तो म्हणाला, "तू खरंच मोठ्या मनाची आहेस. सगळं माहीत असून आलीस, आणि इतक्या वर्षांत आईसमोर कधी तोंड उघडलं नाहीस."

मी विचारलं, काय माहीत असून. त्याला आधी वाटलं, मी उगाच वेड पांघरते आहे. मग त्याने माझा चेहरा पाहिला. विशीच्या आत त्याला गालगुंडं झाली होती, ती खाली उतरली, आणि मुंबईच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की याला मूल होणार नाही. आईला कळलं तर ती हाय खाईल म्हणून बाप-लेकाने तिला सांगितलं नाही. पण कोणाच्या पोरीला फसवायचं नाही, असा सासऱ्यांचा हट्ट. आधीच्या दोन ठिकाणी त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्हीकडून पत्रिका जुळत नाही असं आलं. तिसरे आमचे नाना. सगळं ऐकून घेऊन त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मान हलवली. सासरे त्या दिवशी घरी येऊन देवापुढे बसून रडले होते म्हणे, की अशीही माणसं असतात.

मी म्हणाले, नानांना ऐकू येत नाही. तो म्हणाला, त्यांच्या कानात तर मशीन होतं. मी सांगितलं, ते बंद होतं, कंपनी बुडाल्यापासून बंदच होतं. तो उठून प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंत जाऊन परत आला. नंतर म्हणाला, "मग तसं सांगायचं होतं. माझ्या वडिलांनी काय त्यांच्या कानात ओरडायचं होतं?"

तेवढ्यात गाडी आली. गाडीत चढताना त्याने हळूच सांगितलं की आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी मी जळगावची एसटी धरली. दुपारची वेळ, नाना ओट्यावर बसलेले, कानात बटण. समोरच्या घरी बायका शेवया करायला जमल्या होत्या. काका आपल्या दारात आडवे पडून पेपर वाचत होते. मी नानांच्या शेजारी बसले आणि विचारलं. नाना आकाशाकडे बघून हसले. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. त्यांनी मान डोलवली. माय आतून धावत आली आणि माझा दंड धरून ओढू लागली, आत चल म्हणून. मी हात झटकला. माझं डोकं फिरलं होतं. मी उठून उभी राहिले, त्यांच्या कानातलं ते बटण उपटून काढलं आणि तिथे तोंड लावून ओरडले की माझ्या नवऱ्याला मूल होणार नाही, हे सासऱ्यांनी तुम्हाला त्या दिवशी अंगणात सांगितलं होतं, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का. आयुष्यातली सगळ्यात झाकायची गोष्ट मी अख्ख्या गल्लीला ऐकवली. शेवयांचे हात थांबले. काका उठून बसले.

नानांना तेव्हा कळलं. पहिल्यांदाच कळलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि ओठ हलू लागले. ते माझ्याकडे बघत होते, मग त्यांची नजर समोरच्या बायकांवर गेली, आणि तिथून काकांच्या ओट्यावर. काका थोडं पुढे झुकून, कान देऊन बसले होते.

नानांनी माझ्या हातातून बटण घेतलं, परत कानात घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकू वनं व्हतं. माले बठ्ठं ऐकू वनं व्हतं."

संध्याकाळच्या आत गल्लीचा निकाल लागला. बापाने समजून-उमजून पोर तशा घरात लोटली. काका दारोदार सांगत फिरले, की मला विचारलं असतं तर मी असं होऊ दिलं नसतं. बायका मला पोटाशी धरून रडल्या आणि नानांसमोरून जाताना त्यांनी तोंडं फिरवली. नाना ताठ बसून होते. कसाई म्हणवून घ्यायला त्यांची तयारी होती, फक्त बहिरा म्हणवून घ्यायला नव्हती. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या पाया न पडता निघाले.

माय स्टँडपर्यंत सोडायला आली. मी म्हणाले, तुला तर माहीत आहे, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. तिने मान हलवली. मग माझी पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "आते त्यासले खोटं पाडू नको. त्यासनाकडे इतलंच ऱ्हायनं शे."

माझ्याकडे काय राहिलं, ते तिने विचारलं नाही. धुळ्याची गाडी लागली होती, मी तिच्यात बसले.